योग्य ती सवलत

१२ जुलै

टिटवे,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेजला तू उत्तर देत नाहीस, म्हणून पत्र. पत्ता आईच्या कवळीच्या डबीवरून उतरवून घेतला. ती कवळी तुझ्या हातची आहे हे आईनं मला परवा सांगितलं. तोवर मी आपली इथल्या दातांच्या डॉक्टरांचंच कौतुक करत होते. छान बसली आहे. आई आता अख्खं सफरचंद चावून खाते आणि शेजारणीला तोंड उघडून दाखवते.

माझं काम एवढंच, की मला थोडी माहिती हवी आहे. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला एक मुलगी आली आहे. डोक्याला कायम स्कार्फ, अगदी उकाड्यातसुद्धा. मुलं तिला 'स्कार्फवाली'च म्हणतात. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या टेबलावर ऑफिसची चिठ्ठी ठेवली आणि मी वाचायच्या आत निघून गेली. 'विद्यार्थिनीस श्रवणदोष आहे. योग्य ती सवलत देण्यात यावी.' खाली शिक्का. योग्य ती म्हणजे कोणती, हे शिक्का मारणाऱ्यालाही ठाऊक नसणार. विभागप्रमुखांना विचारलं, तर ते म्हणाले, फाइलला लावा. मी लावली.

काल डार्करूममध्ये प्रयोग होता. तोच, प्रिझमचा. सोडियमचा दिवा लावला, बाकीचे मालवले, आणि नेहमीसारखं अंधारात उभं राहून मी सांगितलं की दिव्याच्या पेटीला हात लावू नका, ती तापते. एकोणीस जणांनी ऐकलं. विसावीनं पेटी सरकवायला हात घातला. ओरडली नाही गं. नुसता श्वास आत ओढला. लॅबमधल्या मामांनी तिचा हात नळाखाली धरला. तीन बोटांना फोड आलेत. मी म्हटलं, मी आधी सांगितलं होतं ना? तर म्हणाली, "हो मॅडम."

तर अशा मुलीला वर्गात नेमकं काय लागतं, एवढं कळव. तुला सहाव्या वर्षापासूनचा अनुभव आहे म्हणून विचारते. जुनं उकरायचा माझा हेतू नाही. तू तडकाफडकी कॉलेज सोडलंस, घर सोडलंस, चौदा वर्षं माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. ज्याचा त्याचा स्वभाव.

ताई


२ ऑगस्ट

टिटवे,

तुझं उत्तर आलं नाही. हरकत नाही, माझं मीच निभावलं.

सोमवारी साठ मुलांच्या वर्गात मी तिला उभं केलं आणि सगळ्यांना समजावून सांगितलं, की हिला ऐकू कमी येतं, तेव्हा हिच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलत जा. तिला म्हटलं, स्कार्फ काढ, कानातलं मशीन लपवायचं कशाला, त्यात लाजण्यासारखं काय आहे? तिनं काढला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला अगदी भरून आलं. मग तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन हुशार मुली नेमून दिल्या. मी स्वतः इतक्या मोठ्यानं शिकवलं, की शेजारच्या वर्गातून निरोप आला, जरा हळू घ्या म्हणून. दोन दिवस घसा बसला होता.

मंगळवारपासून ती वर्गात आलेली नाही. आज दहावा दिवस. मामा सांगतात, कॉलेजात येते, लायब्ररीत बसते आणि संध्याकाळी घरी जाते.

यात माझं काय चुकलं ते सांग बरं. एवढं जीव तोडून करायचं आणि पदरात हे. आईला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं असेल पोरीला." हल्ली आईला निम्मं ऐकू येत नाही, पण नको ते बरोबर ऐकू येतं.

मुलीची गैरहजेरी अशीच चालली तर तिला परीक्षेला बसता येणार नाही. म्हणून पुन्हा लिहिते आहे. नाहीतर तुला त्रास दिला नसता.

ताई


१७ ऑगस्ट

टिटवे,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तुमच्या दातांच्या लॅबच्या ऑर्डरच्या कागदामागे पाच ओळी. वर 'ताई' नाही, खाली नाव नाही. तरी मला पाठ झालंय. 'मला काय विचारतेस, तिला विचार. ते तिचं गुपित होतं, तुझं नव्हतं. ओरडू नकोस, ओरडलं की ओठ वाकडे होतात आणि मशीनमध्ये नुसता खरखराट येतो. पहिल्या बाकावर बसवू नकोस. भूतदया तर नकोच.'

पहिला दिवस मी रागात काढला. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेले. ती कोपऱ्यात बसली होती, स्कार्फ घट्ट बांधून. मला पाहून पुस्तकं आवरायला लागली. तिथं बोलायची सोय नाही, म्हणून मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, 'मी चुकले. तुला न विचारता तुझी गोष्ट सगळ्यांना सांगितली. तुला काय लागतं ते मला सांगशील का?' तिनं ते दोनदा वाचलं. मग पेन घेऊन खाली लिहिलं, 'बाहेर जिन्यात उजेड आहे.'

जिन्यातल्या खिडकीपाशी आम्ही तासभर उभ्या होतो. बोलताना ती आधी चाचरत होती, मग तिची जीभ सुटली. पहिल्या बाकावर बसलं की मागून कोण बोलतंय तेच कळत नाही, सारखी मान वळवावी लागते आणि सगळे आपल्याकडे बघतात. तिला खिडकीकडचा दुसरा बाक हवा आहे, तिरका, म्हणजे खिडकी तिच्या पाठीशी येते आणि उजेड माझ्या तोंडावर पडतो. मागच्यानं काही विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी मी तो प्रश्न एकदा म्हणायचा. प्रयोगाची कृती आदल्या दिवशी कागदावर द्यायची. राखणीला मुली नकोत, एक मैत्रीण आहे, ती पुरे. मी विचारलं, आणि माझ्या शिकवण्याचं काय? ती हसली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता तेव्हा मला फक्त तुमचा अंबाडा ऐकू येतो."

मग म्हणाली, "अजून एक. 'कळलं का' असं मला विचारू नका. मी हो म्हणते."

मी म्हटलं, मग काय विचारू?

"आता तू काय करणार, ते सांग, असं विचारा. मग मला खोटं बोलता येणार नाही."

बसमध्ये बसल्यावर मला आपलं घर आठवत राहिलं. जेवताना बाबा काहीतरी विनोद करायचे, मी आणि आई हसायचो, आणि तूही हसायचीस, जराशी उशिरा. आम्ही म्हणायचो, कळलं का गं? तू हो म्हणायचीस. तुला तेव्हा खरंच कळायचं का?

ताई


२० सप्टेंबर

टिटवे,

तू लिहिलं नाहीस तरी मी लिहिणार आहे. सवय लागली.

ती मुलगी वर्गात परत आली. मी फळ्यावर लिहिते तेव्हा गप्प बसते आणि बोलते तेव्हा खडू खाली ठेवते. वीस वर्षांची खोड, पहिले आठ दिवस मलाच गुदमरल्यासारखं झालं. कृतीचा कागद मी सगळ्यांनाच दिला. त्यावर चार मुलं येऊन सांगून गेली, की मॅडम, मागच्या रांगेत पंखा इतका घरघरतो की आम्हालाही कधी धड ऐकू यायचं नाही. मग इतके दिवस बोलला का नाहीत, म्हटलं. ती एकमेकांकडे बघायला लागली.

डार्करूमची अडचण मामांनी सोडवली. जुन्या डब्याचा पत्रा कापून एका छोट्या दिव्याला झडप केली आणि तो माझ्या हनुवटीखाली धरायला दिला. मी बोलायला लागले, तर सगळी बॅच हसत सुटली. मी म्हणे हडळीसारखी दिसत होते. त्या मुलीनंच सुचवलं, की दिवा खालून नको, समोरून हवा. आता तो समोरच्या भिंतीवर ठोकला आहे. काही सांगायचं असलं की मामा तो दोनदा लावतात-मालवतात, ती मान वर करते, आणि मग मी बोलते. या वेळी तिनं प्रिझम लावला, रेषा शोधली, आकडे घेतले. माझ्या हाताशिवाय.

पण झुपके सरांच्या चाचणीत तिला वीसपैकी दोन मिळाले. झुपके सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. तुला ते आठवत असतील. मिशी तीच, फक्त पांढरी झाली आहे. तो झुपका वरच्या ओठावरून खालच्या ओठापर्यंत येतो, आणि सर प्रश्न तोंडी घालतात, फेऱ्या मारत. मी त्यांच्याकडे जाऊन म्हटलं, तिला प्रश्न लिहून द्या. ते म्हणाले, परीक्षेत सगळे सारखे, एकीला लिहून दिलं तर उरलेल्यांनी काय पाप केलं? मी म्हटलं, "सर, मार्क उत्तराचे आहेत की ऐकण्याचे?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मॅडम, हे तुम्हाला चौदा वर्षांपूर्वी सुचलं नव्हतं."

पुढं ते काय बोलले ते लिहीत नाही. घरी यायला उशीर झाला. आईनं टीव्ही इतका मोठा केला होता की जिन्यापासून बातम्या ऐकू येत होत्या.

ताई


२१ सप्टेंबर

टिटवे,

कालचं पत्र अजून पर्समध्येच आहे. त्यात जे लिहायचं टाळलं ते आज लिहिते. दोन्ही एकाच पाकिटात घालेन.

त्या दिवशी तुझ्या तोंडी परीक्षेच्या खोलीत आम्ही तिघं होतो. बाहेरून आलेले परीक्षक, झुपके सर आणि मी. मी मार्कांच्या तक्त्यावर रोल नंबर लिहायला बसले होते. परीक्षकांनी पेनचं टोपण दातांत धरलं होतं. त्यांनी विचारलं, "प्रिझम का फिरवला?" तू त्यांच्या तोंडाकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. मग तू सोडियमचा प्रकाश पिवळा का असतो ते सांगायला लागलीस. 'का फिरवला' ते तुला 'का पिवळा' असं दिसलं असणार. दातांत टोपण धरून बोलून बघ आरशात, मी काल पाहिलं, तसंच दिसतं. आणि तू सांगितलंस ते अगदी बरोबर होतं, शब्दन् शब्द. परीक्षक हसले. सरांकडे बघून म्हणाले, ही पाठ करून आली आहे. पुन्हा तोच प्रश्न, या वेळी मान खाली घालून. तू पुन्हा माझ्याकडे पाहिलंस.

तीन शब्द होते. तुझ्याकडे तोंड करून मी ते म्हटले असते तर झालं असतं. मी रोल नंबर लिहीत राहिले. खरं तर लिहून झाले होते. लिहिलेल्याच आकड्यांवरून मी पेन फिरवत होते.

माझी नोकरी तेव्हा हंगामी होती. कायम करायचा कागद त्याच महिन्यात सरांच्या सहीला जाणार होता. वाटलं, बोलले तर म्हणतील, बहिणीला उत्तरं पुरवते. बाबा गेल्याला वर्ष झालं होतं आणि घर माझ्यावर होतं. हे कारण खरं आहे. पण तू दुसऱ्यांदा पाहिलंस तेव्हा माझ्या मनात घर नव्हतं. मला तुझी लाज वाटली होती. तुझ्या चिरक्या आवाजाची, परीक्षकांच्या हसण्याची. हे मी आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तू विचारलंस, तू बोलली का नाहीस? मी म्हटलं, तू नीट लक्ष दिलं असतंस तर ही वेळ आली नसती. तू नापास झालीस आणि आईनं कारण विचारलं, तेव्हा मी सांगितलं की तुझा अभ्यास झाला नव्हता. आई आजही तेच धरून बसली आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, ज्याचा त्याचा स्वभाव. ते वाक्य खोड.

ताई


८ ऑक्टोबर

टिटवे,

आईला सांगितलं.

रविवारी, जेवणं झाल्यावर. मी मान खाली घालून भराभर बोलून टाकलं आणि वर पाहिलं, तर आई म्हणाली, "काय म्हणालीस? नीट बोल, मला ऐकू आलं नाही." सगळं पुन्हा सांगावं लागलं. तिच्यासमोर बसून, तोंडाकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून. पहिल्यांदा म्हणणं त्या मानानं सोपं होतं.

ती ताटं उचलायला उठली आणि पुन्हा खाली बसली. मग म्हणाली, "मी तिला म्हटलं होतं, बहिणीच्या जिवावर बसून खातेस आणि अभ्यास करत नाहीस. तोंडावर म्हटलं होतं." त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, बाजूला ठेवायची आणि आत जायची. चौथ्या दिवशी माझ्याकडे कागद मागितला. तिचं पत्र तुला वेगळं येईल. मी वाचलेलं नाही. अक्षर तिरकं आलंय म्हणून तिनं दोनदा फाडून पुन्हा लिहिलं, एवढंच माहीत आहे.

आता कॉलेजचं. तोंडी प्रश्न लिहून मिळावेत या तिच्या अर्जावर झुपके सर सही करेनात, म्हणून आम्ही प्राचार्यांकडे गेलो. आम्ही म्हणजे मी आणि ती मुलगी. जायच्या आधी मी तिला विचारलं, तू बोलतेस की मी बोलू? ती म्हणाली, मी बोलते, तुम्ही नुसत्या या. प्राचार्यबाईंच्या टेबलासमोर उभी राहून तिनं दोनच वाक्यं म्हटली. "उत्तर मी देईन. मला फक्त प्रश्न मिळायला हवा." मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण शिकले आहे आता, गप्प बसले.

बाईंना पटलं. पण त्या म्हणाल्या, एकट्या मुलीसाठी आज मी सांगितलं तर ती मेहेरबानी झाली, उद्या माझ्या जागी दुसरं कुणी आलं की बंद. नियम करायचा तर कारण लागतं. आपल्या कॉलेजात अशानं कुणाचं नुकसान झाल्याची नोंद आहे का?

नोंद नाही, टिटवे. मी असताना कशी असेल?

म्हणून विचारते. तुझी गोष्ट मी अर्जात लिहू का? ती तुझी आहे, तुला न विचारता लिहिणार नाही. तू नाही म्हणालीस तर मी दुसरा मार्ग शोधेन आणि तुला का म्हणून विचारणार नाही. तोंडी परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटी आहे. पण तेवढ्यासाठी घाई करू नकोस.

ताई


३० ऑक्टोबर

टिटवे,

तुझा कागद आला. 'लिही. माझं पूर्ण नाव लिही, आडनावासकट. तुझंही लिही. मी अभ्यास केला होता हेही लिही.'

लिहिलं. तीन पानं झाली. दोन्ही नावं घातली, वर्ष घातलं, प्रश्न घातला, तू दिलेलं उत्तर घातलं. तुझा अभ्यास पक्का होता, हे वेगळ्या ओळीत लिहिलं. कारकुनानं घेताना चाळलं आणि म्हणाला, मॅडम, हे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहिताय, कळतंय ना? मी हो म्हटलं. आणि खरंच कळत होतं.

परवा प्राचार्यबाईंचं उत्तर आलं. मी लपवलं नाही म्हणून आभार, आणि यंदाच्या परीक्षेच्या कामातून मला वगळल्याची सूचना. दोन्ही एकाच कागदावर. मी कुठल्याही परीक्षेच्या खोलीत बसणार नाही. मला वाईट वाटलं हे खोटं कशाला सांगू? त्या मुलीच्या वेळी आपण तिथं असू, असं मी मनात धरून चालले होते. पण दुसऱ्या कागदावर नियम होता. ज्याला ऐकण्याची अडचण आहे त्याला प्रत्येक तोंडी प्रश्न लिहून द्यायचा, दहा मिनिटं जास्त द्यायची, आणि कुणाला काय लागतं ते सत्राच्या सुरुवातीला त्या विद्यार्थ्यालाच एकांतात विचारायचं. हे शेवटचं कलम त्या मुलीनं घालायला लावलं. वर्गात नाही, एकांतात. लिहिताना तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पण मला समजायचं ते समजलं.

सोमवारी झुपके सर मिशी कातरून आले. कुणी काही बोललं नाही. फक्त मामा माझ्याकडे येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, सरांना वरचा ओठ आहे." त्या तासाला त्या मुलीनं सरांना शंका विचारली, आयुष्यात पहिल्यांदा. सरांनी पूर्ण वळून, जागेवर उभं राहून उत्तर दिलं.

दुपारी ते स्टाफरूममध्ये आले. आम्ही दोघंच होतो. म्हणाले, "तुमचा अर्ज वाचला. खोलीत तिघं होतो. त्यात नाव एकाचंच आहे."

मी म्हटलं, "मी माझ्यापुरतं लिहिलं, सर."

ते तसेच निघून गेले. आज फाइल पाहिली तर माझ्या सहीखाली एक ओळ होती. 'त्या वेळी मीही उपस्थित होतो व मीही बोललो नाही.' खाली सही आणि तारीख. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला माणूस आहे तो. मला त्यांचा चौदा वर्षं राग होता. माझा स्वतःवरचाच राग मी त्यांच्या खात्यावर टाकलेला असावा.

ताई


२८ नोव्हेंबर

टिटवे,

काल तिची परीक्षा झाली.

मला आत जायला मनाई, म्हणून मी बाहेर बाकावर बसले होते. त्या खोलीच्या दाराला आता काचेची पट्टी आहे. राहवेना म्हणून उठले आणि आत पाहिलं. परीक्षक कुणी तरुण बाई होत्या. त्यांचे ओठ हलत होते, मग त्या कागदावर लिहीत होत्या, कागद सरकवत होत्या. मुलगी वाचायची आणि बोलायला लागायची. दार जाड आहे, मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मध्येच परीक्षकबाईंच्या कपाळाला आठी पडली. का पडली, मुलीनं काय सांगितलं, ती चुकली का, काही म्हणजे काही कळेना. मग त्या दोघी हसल्या. कशाला हसल्या? मी काचेला नाक लावून उभी, आणि शेजारून जाणारा शिपाई म्हणाला, मॅडम, काही हवंय का? मी म्हटलं, नाही, सगळं ठीक आहे.

अकरा मिनिटं मी तिथं उभी होते. तू पहिलीपासून कॉलेजापर्यंत होतीस.

ती बाहेर आली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हटलं, आत काय झालं ते सांग. ती म्हणाली, "एका प्रश्नात त्यांनी कोनाचं नाव चुकीचं लिहिलं होतं. मी म्हटलं, तुम्हाला हा कोन म्हणायचाय का? त्यांना आधी आवडलं नाही, मग हसल्या." स्कार्फ तिच्या गळ्यात होता, डोक्याला नव्हता. मशीन दिसत होतं. मी त्याबद्दल काही बोलले नाही. पंचवीसपैकी एकवीस मिळाल्याचं आज कळलं. मामांनी सगळ्या लॅबला चहा पाजला.

संध्याकाळी घरी आले तर आई दारातच उभी होती, तुझं पत्र हातात घेऊन. तुझं पत्र तिच्या नावानं आलं होतं, चांगली चार पानं. पहिली तीन तिनं मला दाखवली नाहीत, आणि मी मागितली नाहीत. चौथं तिनं स्वतः वाचून दाखवलं. तू पुढच्या शुक्रवारी येते आहेस, चार दिवसांसाठी. आईच्या कानांची तपासणी करून मशीन घ्यायचं आणि ती नको म्हणाली तरी ऐकायचं नाही. आणि खाली, माझ्यासाठी: 'बसस्टँडवर आईला पाठव. ताईनं येऊ नये. तिच्याशी मी घरी आल्यावर बोलेन. मी बोलेन आणि ती ऐकेल. मग पुढचं बघू.'

बरं. आई येईल. शेजारणीला सोबत घेऊन जाईल. तुझ्या बसची वेळ तिनं तीन ठिकाणी लिहून ठेवली आहे.

मी चारही दिवसांची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात आधी 'घरगुती काम' लिहिलं, मग ते खोडून 'बहीण येणार आहे' असं लिहिलं. झुपके सरांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता सही केली.

ताई